बिनड्रॉइंगचा अर्धा तास

मुमताजआपांकडे दोन चष्मे होते. एक काळ्या फ्रेमचा, गळ्यात अडकवायची दोरी असलेला, तो सकाळी आठला डोळ्यांवर चढायचा. दुसरा तपकिरी, एका काडीला दोरा गुंडाळलेला, तो डब्याच्या पिशवीत चपात्यांच्या शेजारी असायचा. साडेबाराचा भोंगा झाला की काळा खाली आणि तपकिरी वर. मी नवा होतो तेव्हा एकदा न राहवून विचारलं, की आपा, दोन्हींचा नंबर वेगळा आहे का?

"नंबर एकच हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो कंपनीचा. ह्यो माझा."

आमचा कारखाना नागापूरच्या एमआयडीसीत. पाण्याच्या पंपात फिरतो तो लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, आम्ही बनवतो. आपा क्वालिटीला आणि मी डिस्पॅचला. त्यांनी ड्रॉइंगशी, म्हणजे मापं लिहिलेल्या नकाशाशी, ताडून पास करायचं आणि मी पेट्या टेम्पोत चढवून चाकणच्या गिऱ्हाइकाकडे रवाना करायच्या, अशी आमची बारा वर्षांची भागीदारी. बाई मूळच्या नेवाशाच्या, माझ्याच गावच्या, वडील शिंपी. कापड बेतताना बाप एक सूतसुद्धा इकडचं तिकडे होऊ द्यायचा नाही, ते लेकीच्या हातात उतरलं होतं. शाफ्ट नुसता बोटांवर फिरवून त्या सांगायच्या, की हा बसणार नाही, आणि मग मापाचा गेज लावला की तो खरंच बसायचा नाही.

ही तपासणी कारखान्याच्या गेटबाहेरही चालायची. कँटीनच्या चहाचा पहिला घोट घेऊन "रीवर्क", म्हणजे पुन्हा करून आणा, असं म्हणत कप परत पाठवणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही. भाजीबाजारात त्या वांगी अशी काही फिरवून बघायच्या, की भाजीवालाच घाबरून दुसरं वांगं पुढे करायचा. मुलासाठी मुलगी बघायला श्रीरामपूरला गेल्या तेव्हा दोनदा जाऊन आल्या, आणि दुसऱ्यांदा निघताना मुलीच्या वडलांनी हात जोडून विचारलं, की रिपोर्ट लेखी मिळेल का? ही हकिकत आपाच सांगायच्या आणि सांगताना स्वतःच सगळ्यांत जास्त हसायच्या. सून त्यांना फार आवडायची. "पयल्याच फटक्यात ओके हुती," म्हणायच्या, "पन लगीच सांगितलं तर भाव राहत न्हाई."

अशी ही बाई साडेबारा ते एक एवढ्या अर्ध्या तासात निराळीच व्हायची. ती तशी का व्हायची, ते मला पुढे एका ऑडिटमध्ये कळलं. आधी तो अर्धा तास कसा असायचा ते सांगतो.

मी लागलो तेव्हा आमच्या कँटीनमध्ये मोबाईलचं राज्य नुकतं सुरू झालं होतं. एका हातात चपाती, दुसऱ्या हातात मोबाईल, माना खाली. दहा-बारा वेगवेगळी गाणी एकदम वाजायची आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. आपांनी महिनाभर हे पाहिलं. मग एक दिवस रद्दीतून आणलेला जुना दिवाळी अंक टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आठ तास आपल्या वतीनं मशीन इचार करतंय. सुट्टीत मोबाईल इचार करतोय. आपला नंबर कवा लागनार?"

आणि कुणाच्या होकाराची वाट न बघता वाचायला लागल्या. बोलताना "न्हाई" आणि "हुतं" म्हणणारी बाई वाचताना अशी स्वच्छ, संथ वाचायची, की पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं कुणी रेडिओ लावला. आठवड्याभरात त्यांच्या टेबलाभोवती वीसेक जण बसायला लागले. मोबाईल बंद करा असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत, ते आपोआप खिशात गेले.

फक्त एक अडचण होती. त्या अंकांतल्या प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान फाटलेलं असायचं. आपा म्हणायच्या, रद्दीवाला फाडतो, पुड्या बांधायला. "लई वाईट मानूस हाय तो." आम्हीही त्या रद्दीवाल्याला मनसोक्त शिव्या घालायचो. पानाच्या मागच्या बाजूला पुढची गोष्ट सुरू होत असेल तर तिचं तोंडही जायचं, त्यामुळे काही गोष्टींना आमच्याकडे आगाही नव्हता आणि पिछाही नव्हता. मग शेवट आम्हीच करायचा. डबा खाता खाता ज्याला जे वाटेल ते त्याने बोलायचं. नियम एकच होता: "बरोबर" आणि "चूक" हे दोन शब्द कुणी वापरायचे नाहीत. दिवसभर हेच दोन शब्द बोलून पगार घेणाऱ्या बाईने हा नियम करावा याचं मला हसू यायचं.

यात लेथवरच्या कदमांना फार मजा यायची. कदमांच्या हातात शेवट दिला की लग्न ठरलेलंच. गोष्ट दरोडेखोराची असो की मास्तरांची, कदम शेवटी मांडव घालायचेच. एकदा दुष्काळी गावात विहीर खोदतात अशी गोष्ट होती. आम्ही म्हटलं, आता बघू, विहिरीचं लग्न कसं लावता. कदम घास गिळून शांतपणे म्हणाले, "विहिरीचं न्हाई. खोदनाऱ्याचं." आम्ही इतके हसलो की वॉचमन बघायला आला. पण आपा हसल्या नाहीत. त्यांनी कदमांना विचारलं, की का हो, तुम्हाला प्रत्येक वेळी कुणीतरी कुणाच्या तरी घरी जायला का लागतं? कदम त्या दिवशी डबा झाकून लेथवर गेले. आठ दिवसांनी म्हणाले, माझी बायको बाळंतपणात गेली, घर तेव्हापासून रिकामंच आहे, हे मला तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून काम करणाऱ्या आम्हालाही ते तेव्हाच कळलं.

असेंब्लीला, म्हणजे जुळणीला, सविता सोनवणे नावाची मुलगी होती. तिचं सासर तिसगावचं. नवरा इथेच दुसऱ्या कंपनीत, आणि सासरचे लोक तिला सारखे निरोप धाडायचे, की नोकरी सोड, गावी ये, शेताकडे आणि म्हशींकडे बघ. सविता रोज आपांच्या टेबलाच्या अगदी टोकाला बसायची आणि वर्षभरात एक अक्षर बोलली नव्हती. आपांनी तिला कधी "तू बोल" म्हटलं नाही. तिच्याकडे बघून फक्त पान उलटायच्या.

मग इंदूची गोष्ट आली. कधीही जुनी न होणारी गोष्ट. इंदू नावाची बाई सासरच्या जाचाला कंटाळून सकाळी पिशवी घेऊन घराबाहेर पडते आणि एसटी स्टँडवर येते. एक गाडी माहेरी जाते. दुसरी गाडी शहरात जाते, तिथे एका शाळेत तिला काम मिळालंय. दोन्ही गाड्या फलाटाला लागतात, कंडक्टर घंटी मारतात, आणि पान संपतं. पुढचं रद्दीवाल्याकडे.

त्या दिवशी कँटीनमध्ये रण पेटलं. अर्धे माहेरच्या बाजूचे, अर्धे शहराच्या. कदमांनी शहरातल्या शाळेत एक सज्जन विधुर मुख्याध्यापक नेमूनही टाकला. भोंग्याला पाच मिनिटं उरलेली असताना टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"ती आदी च्या पिईल," सविता म्हणाली.

सगळे हसले. सवितानं मान खाली घातली, पण थांबली नाही. "तिला आजपोत्तर कुनी निवांत बसून इचार करू दिलाय का? माहेरचे म्हनत्यात हिकडं ये, साळावाले म्हनत्यात तिकडं ये. ती दोन्ही गाड्या जाऊ देईल. च्या पिईल. गाड्या काय, मागनं येत्यात की."

आपांनी तपकिरी चष्मा काढून पदराला पुसला आणि परत घातला. मी त्यांना एवढ्या आनंदात नातू झाला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तपासलेल्या पेटीला टॅग बांधतात, म्हणजे दोरा ओवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, आणि पिवळा म्हणजे होल्ड: निर्णय झालेला नाही, माल हलवायचा नाही. आपांना सवयच अशी, की कँटीनमध्ये गोष्टीचा निकाल लागला नाही तर अॅप्रनच्या खिशातला पिवळा टॅग काढून त्यावर लिहायचं आणि अंकात खूण म्हणून ठेवायचा. त्या दिवशी त्यांनी लिहिलं: "इंदू. निर्णय बाकी. घाई करू नये." आणि खाली सही.

भोंगा झाला. आपा टॅग हातात घेऊन इंदूचाच विचार करत माझ्या डिस्पॅचला आल्या. चाकणच्या पेट्या तयार होत्या. त्यांनी शाफ्ट बघितले, सगळे उत्तम होते, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हाताने हातातला टॅग पेटीला बांधून टाकला. माणूस म्हणून ही चूक कुणाकडूनही होईल. पण पुढची चूक माझी, आणि ती फक्त आमच्याच कारखान्यात होऊ शकते. मी तो टॅग वाचला. पिवळा टॅग दिसला की माल थांबवायचा हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण मी वाचलं, "इंदू. निर्णय बाकी. घाई करू नये," आणि मला ते इतकं पटलं, की मी मान डोलावली आणि पेटी टेम्पोत चढवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाकणहून फोन आला. त्यांनी आमचा सगळा लॉट अडवून ठेवला होता. त्यांच्या माणसांनी डिफेक्टची यादी तीनदा चाळली होती. चरा, भेग, बाक, गंज, सगळं सापडलं. इंदू सापडला नाही. फोनवरचा माणूस अगदी गंभीरपणे विचारत होता, की इंदू हा नेमका कुठल्या प्रकारचा दोष आहे, आणि तो आणखी किती शाफ्टमध्ये असू शकतो?

आज हे सांगताना हसू येतं. त्या दिवशी कुणाला आलं नाही. मोठ्या साहेबांनी आपांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब तसे वाईट नव्हते, पण गिऱ्हाईक हातचं जाईल या भीतीने त्यांचा चेहरा उतरला होता. दहा दिवसांनी चाकणचा ऑडिटर आमची कामाची पद्धत तपासायला येणार होता. साहेबांनी सरळ सांगितलं, की कँटीनमधलं वाचन आजपासून बंद, आणि ऑडिटच्या फॉर्मवर उपाय म्हणून तुमच्याच हाताने तसं लिहायचं. एकदा त्या फॉर्मवर चढलं की ते कायमचं. दर वर्षी ऑडिटर येऊन बघतो, की लिहिलं तसं चाललंय की नाही. आपा "बरं" म्हणून बाहेर आल्या. जिन्यात मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "तुमी टॅग वाचला ना भाऊसाहेब? मग बास."

ते दहा दिवस वाईट गेले. साडेबाराला आपा काळा चष्माच घालून डबा खायच्या. तपकिरी पिशवीतून निघायचाच नाही. मोबाईल पुन्हा बाहेर आले आणि सगळी गाणी पुन्हा एकदम वाजायला लागली. आपांना निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, वाद घालून नोकरी घालवायची ती वेळ नव्हती, आणि आम्हाला कुणालाही त्यांना काही म्हणायचं तोंड नव्हतं. मला रोज जेवण जड व्हायचं.

ऑडिटर आला. बारीक, शांत, चष्म्यातला माणूस. साहेब, आपा, मी आणि मधे तो फॉर्म. त्या फॉर्मची एक रीत आहे: दोष का झाला हे पाच वेळा विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. आपांनी लिहिलेला कागद पुढे केला. ऑडिटर मोठ्याने वाचायला लागला. टॅग पेटीला का गेला? हातात होता म्हणून. हातात का होता? कँटीनमधून आणला म्हणून. कँटीनमध्ये का होता? वाचनाची खूण म्हणून. खुणेला तोच का? दुसरा नव्हता म्हणून. का नव्हता? वाचनासाठी वेगळ्या रंगाचा टॅग कंपनीने ठरवलेला नाही. मूळ कारण: दोन कामांना एकच टॅग. उपाय: कँटीनमधील वाचनासाठी गुलाबी टॅग वापरावा. पिवळा टॅग कँटीनमध्ये नेऊ नये.

साहेबांनी आपांकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

ऑडिटरने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, की त्यापेक्षा वाचनच बंद केलं तर?

"साहेब, शाफ्टला चरा पडला म्हनून आपुन शाफ्ट करायचं बंद करत न्हाई," आपा म्हणाल्या. मग हळू आवाजात बोलल्या. "मी दिवसभर प्रत्येक नग ड्रॉइंगशी ताडून बगते. त्यात माझं मत कुनी इचारत न्हाई, आन् इचारू बी नये, न्हाईतर तुमचे पंप गळतील. पन मानसाला अर्धा तास बिनड्रॉइंगचा पायजे साहेब. न्हाईतर त्याला सवय लागती. त्याला वाटतं, सगळंच कुनीतरी आदी काढून दिलेलं हाय, आपुन निस्तं ताडून बगायचं. घरात बी, गावात बी, मत देताना बी."

ऑडिटरने फॉर्म पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. पद्धतीप्रमाणे त्यात खोट काढायला जागा नव्हती. मूळ कारण अगदी चोख होतं. त्याने सही केली. साहेबांनीही केली. आणि त्या दिवसापासून आमचं वाचन कंपनीच्या दफ्तरी अधिकृत झालं. दर वर्षी ऑडिटर येऊन कँटीनमध्ये गुलाबी टॅग वापरात आहेत ना, ते तपासायला लागला, आणि ऑडिट जवळ आलं की साहेब स्वतः येऊन विचारायला लागले, की वाचन नियमित चालू आहे ना?

त्या दिवशी ऑडिटर दारापर्यंत जाऊन परत वळला होता. इंदूने शेवटी काय केलं, असं त्याने विचारलं. आपा म्हणाल्या, "साडेबाराला डबा घिऊन या."

सवितानं त्याच सुमारास तिसगावला निरोप धाडला, की मी विचार करून सांगते. त्या घरात आजवर कुठल्या सुनेनं असं म्हटलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हटल्यापेक्षा जास्त खळबळ झाली. तिने चांगले चार महिने विचार केला. अजून ती असेंब्लीलाच आहे.

आपा निवृत्त झाल्या त्या दिवशी कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. स्टेजवरच त्यांनी ते मोबाईलशी ताडून बघितलं आणि साहेबांच्या कानात सांगितलं, की दोन मिनिटं मागे आहे. वाचन त्यांनी सवितावर सोपवलं. दिवाळी अंकांची चळत दिली, गुलाबी टॅगांचा गठ्ठा दिला. एकीकडे बोलावून दोघी बराच वेळ काहीतरी कुजबुजल्या. मला वाटलं बायकांचं काही असेल.

गेल्या महिन्यात मी नगरला त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं तर तपकिरी चष्मा डोळ्यांवर. काळा कुठे आहे विचारलं, तर म्हणाल्या, कंपनीचा कंपनीला. सुनेनं शीरखुर्मा दिला, आपांनी चाखून "ओके" म्हटलं, सून हसली. मग आपांनी कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. झाकण उघडलं. आत पानं होती. दिवाळी अंकांची, पिवळी पडलेली, शेकड्यांनी. गोष्टींची शेवटची पानं.

मला समजायला थोडा वेळ लागला. ज्या रद्दीवाल्याला आम्ही इतकी वर्षं शिव्या दिल्या, त्या बिचाऱ्याने एक पानही फाडलेलं नव्हतं.

"आदी पान फाडायचं, मंग अंक वाचायला घ्यायचा," आपा म्हणाल्या. "एक बी वाचलं न्हवतं. शेवट मला ठाव असता तर मी तुमचं ऐकलं नसतं. तपासलं असतं."

बारा वर्षं ही बाई डब्यात सगळी उत्तरं घेऊन बसली होती आणि एकाही उत्तराकडे तिने डोळा वर करून पाहिलं नव्हतं, केवळ आमचं ऐकायचं म्हणून. आयुष्यात माझा एवढा मान कुणी ठेवलेला नाही.

आता त्या रोज एक पान वाचतात. वाचलेल्या पानाला टॅग लावतात, आणि बहुतेक लेखक नापास होतात. विहिरीच्या गोष्टीत म्हणे खोदणारा गाव सोडून जातो. त्यावर टॅग होता: "रीवर्क. कदमांना विचारावे." मी इंदूचं पान शोधलं. सापडलं. लेखकाने तिला माहेरच्या गाडीत बसवलं होतं. खिडकीशी बसून ती रडते आणि गाडी सुटते.

"मी उतरवून घेतली तिला," आपा म्हणाल्या.

पानाला गुलाबी टॅग होता. त्यावर लिहिलं होतं: "इंदू. चहा घेत आहे. घाई करू नये." खाली सही.

निघताना चपला घालता घालता मला आठवलं, आणि मी सांगितलं, की आपा, सविता नवे अंक आणते, पण त्यांचीही शेवटची पानं फाटलेलीच असतात. ती म्हणते, रद्दीवाला फाडतो.

आपांनी चष्मा काढून पदराला पुसला. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

"लई वाईट मानूस हाय तो," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. मी जिना उतरून खाली येईपर्यंत आतून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.